गिरगावातलं फॉसिलचं दुकान: जिथे लेबलवर 'वर्गीकरण अनिश्चित' असं लिहून देतात

पाचपैकी साडेचार. अर्धा कुठे कापला ते खाली येईलच, पण आधी एवढं सांगते की मुंबईत फॉसिल विकत घ्यायचं असेल आणि नुसतं शोकेसमध्ये ठेवायला नाही तर खरंच काय आहे ते समजून घ्यायचं असेल तर मी डोळे मिटून इथेच पाठवेन. चर्नी रोड स्टेशनवरून चालत जाण्यासारखं आहे, जुन्या चाळीच्या तळमजल्यावर, बाहेरून बघितलं तर खड्यांचं दुकान वाटतं, आणि आहेही तसंच, कारण मुख्य धंदा झिओलाइटचा, म्हणजे लाव्हाच्या पोकळ्यांत तयार होणाऱ्या खनिजांचा, आणि त्यांच्याबरोबर सापडणाऱ्या खड्यांचा आहे. आपल्या महाराष्ट्रातले अ‍ॅपोफिलाइट, स्टिलबाइट, वाघोलीचं निळंशार कॅव्हन्साइट, हे सगळं पुढच्या काउंटरवर. फॉसिल मागे एका लाकडी कपाटात, सहा खण आणि तळाला एक ड्रॉवर. दुकान काका आणि त्यांची मुलगी बघतात, तिला सगळे ताईच म्हणतात.

हा रिव्ह्यू मुख्यतः त्या तळाच्या ड्रॉवरबद्दल आहे.

कपाटाच्या वरच्या खणात नेहमीचं सामान, म्हणजे मोरोक्कोच्या काळ्या चुनखडकातल्या पॉलिश केलेल्या लांबट शंखांच्या प्लेटा, मादागास्करचे अमोनाइट, म्हणजे गुंडाळलेल्या शंखाचे समुद्री जीव, अर्धे कापून चमकवलेले, शार्कचे दात. हे तुम्हाला प्रदर्शनात, मॉलच्या गिफ्ट शॉपमध्ये कुठेही मिळेल. पण इथे फरक असा की त्या काळ्या प्लेटेवर सगळीकडे नुसतं 'ऑर्थोसेरास' लिहिलेलं असतं ना, इथे लिहिलंय 'ऑर्थोसेरास नावाने विकतात, हे त्याच्यासारखे दिसणारे सरळ शंखाचे सेफॅलोपॉड', म्हणजे ऑक्टोपसच्या नात्यातले जीव. खरा ऑर्थोसेरास हा बाल्टिक भागातल्या ऑर्डोव्हिशियन, म्हणजे साधारण ४४ ते ४८ कोटी वर्षांपूर्वीच्या, खडकांतला, मोरोक्कोतले हे त्यापेक्षा बरेच अलीकडचे आणि वेगळ्या जातींचे. गिऱ्हाईक नाव विचारून निघून जातं, कुणी तपासायला बसत नाही, तरी यांनी ते लिहिलं. मी तिथेच ठरवलं की इथे वेळ काढायचा.

तळाच्या ड्रॉवरला काका 'वादातले' म्हणतात. त्यात समुद्रातले असे जीव आहेत जे आता जगात कुठेच नाहीत आणि ते प्राणी होते की वनस्पती होती, कुठल्या कुळातले, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. म्हणजे दगड हातात आहे, आकार स्पष्ट दिसतोय, वय माहीत आहे, आणि तरी 'हे कोण' याचं उत्तर नाही. मला फॉसिलमधलं सगळ्यात आवडतं तेच आहे आणि ते विकणारं दुकान मुंबईत असेल असं वाटलं नव्हतं.

मी घेतला तो रिसेप्टॅक्युलाइट्सचा तुकडा, तळहाताएवढा, २,८०० रुपये. अमेरिकेतल्या आयोवा-इलिनॉय भागातला, ऑर्डोव्हिशियन काळातला, साधारण ४५ कोटी वर्षं जुना. तिकडे लोक याला सूर्यफूल कोरल म्हणतात आणि बघितल्यावर का म्हणतात ते लगेच कळतं, कारण पृष्ठभागावर छोटे छोटे शंकरपाळ्याच्या आकाराचे चौकोन आहेत आणि ते मधल्या बिंदूपासून दोन्ही दिशांनी, एक घड्याळाच्या दिशेने आणि एक उलट्या, अशा वळणांच्या ओळींत बाहेर जातात, जितकं बाहेर जाल तितके चौकोन मोठे होत जातात. फक्त ते सूर्यफूलही नाही आणि कोरलही नाही. ऑर्डोव्हिशियन काळात जमिनीवर फुलं येणारी झाडं नव्हतीच, ती यायला अजून कोट्यवधी वर्षं होती.

मग आहे काय? ताईने खुर्ची दिली आणि अर्धा तास सांगत बसली, दुकानात दुसरी दोन गिऱ्हाइकं असताना. नाव १८२७ मध्ये फ्रेंच निसर्ग अभ्यासक देफ्रांस यांनी दिलं. तेव्हापासून आजपर्यंत याला कोरल म्हणून झालं, स्पंज म्हणून झालं, फोरामिनिफेरा म्हणजे एकपेशीय कवचधारी म्हणून झालं, एवढंच काय पाइनच्या झाडाचा शंकू म्हणूनही कुणीतरी मांडून झालं. मग साधारण १९७० च्या आसपास शेवाळाची बाजू जड झाली. कारण असं की याच्या आत मधोमध एक अक्ष असतो आणि त्यापासून चारी बाजूंना बारीक दांडे निघतात, प्रत्येक दांड्याला बाहेरच्या टोकाला तो चौकोनी माथा, दांडा आणि माथा मिळून अशा एकेका भागाला मेरोम म्हणतात. आजही समुद्रात डॅसिक्लॅड नावाची हिरवी शेवाळं आहेत, त्यांचीही रचना अशीच मधला दांडा आणि भोवती फांद्यांची वर्तुळं. पण मग अडचण येते की ती शेवाळं चुना स्वतःच्या बाहेरच्या बाजूला जमवतात आणि रिसेप्टॅक्युलाइट्सचे मेरोम हे स्वतःच चुन्याचे भरीव भाग दिसतात, हे जुळत नाही. स्पंज म्हणावं तर स्पंजच्या सांगाड्यातल्या काड्या अशा नियमात बसलेल्या नसतात आणि वाढ एका टोकाने होते ती पद्धतही वेगळी वाटते. त्यामुळे आता बरेच जण सरळ 'नातं अनिश्चित' म्हणून सोडतात. आणि यात आणखी एक गोष्ट, जी ऐकून मी थक्क झाले, ती म्हणजे हा जीव समुद्रतळावर उभा कसा होता, ज्या बिंदूपासून वळणं सुरू होतात तो वर होता की खाली, यावरही वाद झालाय. म्हणजे डोकं कुठलं आणि बूड कुठलं हेही ठरत नाही, मग बाकीचं काय ठरणार!

माझ्या तुकड्याच्या लेबलवर हे सगळं चार ओळींत आहे. नाव, काळ, देश आणि भाग, खडक, आणि शेवटी 'वर्गीकरण: अनिश्चित, शेवाळ की स्पंज की तिसरंच'. मराठीत, हाताने लिहिलेलं, लॅमिनेट करून. मागे इंग्रजीत. मला हे दुकान आवडण्याचं कारण विचारलं तर हे लेबल. बाकीचे विकणारे गिऱ्हाइकाला खात्री विकतात, सूर्यफूल कोरल म्हणून टाकलं की काम झालं, कुणी प्रश्न विचारत नाही आणि माल पटकन जातो. इथे जे माहीत नाही ते माहीत नाही असं लिहून देतात आणि त्यासाठी भाव वाढवत नाहीत, म्हणजे 'रहस्यमय' वगैरे करून दुप्पट लावत नाहीत, ही माझ्या मते मोठी गोष्ट आहे.

एक बारीक गोष्ट पण महत्त्वाची, ताईने स्वतःहून सांगितली की या तुकड्यात मूळ जीवाचा भाग उरलेलाच नाही. तिथला चुनखडक नंतर बराचसा डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियम असलेला खडक, झाला, मूळ चुना विरघळून गेला आणि राहिला तो साचा, त्यामुळे चौकोन आत गेलेले दिसतात, वर आलेले नाही. दुसरं कुणी असतं तर सांगितलंच नसतं. त्या भागात पूर्वी शिशाच्या खाणी होत्या आणि खाणवाल्यांना हा दगड इतका ओळखीचा होता की शिशाचा फॉसिल असंच नाव पडलेलं, आणि भूगर्भवाले आजही थर ओळखायला याचा वापर करतात. कोण आहे ते ठाऊक नाही पण कुठल्या थरात सापडतो ते पक्कं ठाऊक आहे, म्हणून उपयोगाला आला.

ड्रॉवरमध्ये आणखी काय आहे ते पटापट सांगते. हायोलिथ, बोटाच्या पेराएवढे शंकूसारखे शंख, त्याला झाकण असायचं आणि दोन्ही बाजूंनी वाकडे दांडे बाहेर यायचे, आधी गोगलगायींच्या मोठ्या कुळात टाकलेले, मग २०१७ मध्ये कॅनडाच्या बर्जेस शेल नावाच्या खडकातले मऊ भाग टिकलेले नमुने बघून ब्रॅकिओपॉडच्या, म्हणजे शिंपल्यासारख्या दुहेरी कवचाच्या समुद्री जीवांच्या, जवळचे असं मांडलं गेलं, आणि त्यावरही पुढे आक्षेप आले. आर्किओसायथ, म्हणजे पेल्यात पेला ठेवल्यासारखी रचना, कॅम्ब्रियनच्या, म्हणजे ऑर्डोव्हिशियनच्या आधीच्या काळाच्या, सुरुवातीला यांनी समुद्रात प्राण्यांनी बांधलेल्या पहिल्या मोठ्या रीफ, म्हणजे प्रवाळासारख्या भिंती, उभ्या केल्या आणि मग काही काळातच नाहीसे झाले. यांच्यासाठी पूर्वी प्राण्यांचा स्वतंत्र संघच धरायचे, आता बहुतेक जण स्पंज मानतात, म्हणून काकांनी त्या लेबलवर 'वाद बराचसा मिटलेला' असं लिहिलंय. मला हे फार पटलं, म्हणजे सगळंच गूढ करून ठेवलेलं नाही, मिटलं तिथे मिटलं म्हणून सांगितलंय.

त्या आर्किओसायथचा लाल चुनखडकाचा पॉलिश केलेला काप दक्षिण ऑस्ट्रेलियाचा होता आणि मी मुद्दाम कागद मागितले. ऑस्ट्रेलियातून फॉसिल बाहेर काढायला परवाना लागतो, १९८६ चा कायदा आहे तिकडे. काकांनी फाइल काढून परवान्याची झेरॉक्स दाखवली, कपाळाला आठी न घालता. तुम्हीही विचारा, लाजू नका. जो विकणारा कागद मागितल्यावर चिडतो तिथून काही घेऊ नये हे माझं स्पष्ट मत आहे, कारण चोरून काढलेल्या फॉसिलचा नुसता दगड येतो, कुठल्या थरातून काढला ही माहिती कायमची जाते, आणि ती गेली की मग वाद सोडवायला तो तुकडा कुणाच्याच कामाचा राहत नाही.

आता कोनोडोंट. हे विकत नाहीत, फक्त दाखवतात, आणि त्यासाठी तरी जा. काचपट्टीवर वाळूच्या कणाएवढे दातेरी तुकडे, साध्या डोळ्याला नुसते ठिपके, मायक्रोस्कोपखाली छोट्या करवती. १८५६ मध्ये पांडर नावाच्या शास्त्रज्ञाने पहिल्यांदा वर्णन केलं, त्याला ते माशांचे दात वाटले, आणि मग शंभराहून जास्त वर्षं नुसते दात मिळत राहिले पण दातांचा मालक काही मिळेना. किडा म्हणून झालं, गोगलगाय म्हणून झालं, वनस्पती म्हणूनही झालं. शेवटी १९८३ मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिनबराजवळच्या खडकातला अख्ख्या जीवाचा ठसा प्रसिद्ध झाला, काही सेंटीमीटर लांब, ईलसारखा, डोक्याकडे हे दाते. म्हणजे आपल्यासारख्या पाठीच्या दोरीवाल्यांच्या नात्यातला निघाला, तरी पाठीचा कणा असलेल्यांच्यात नेमका कुठे बसवायचा आणि त्याचे दात आणि आपले दात एकाच उगमाचे का, यावर भांडण चालूच आहे.

हे चुनखडकातून काढतात कसे ते काकांनी सांगितलं तेव्हा मला खूप छान वाटलं, कारण किती साधं आहे. चुनखडकाचा गोळा सौम्य अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये, म्हणजे व्हिनेगरमध्ये जे असतं त्यात, दिवसेंदिवस बुडवून ठेवतात, चुना विरघळतो आणि कोनोडोंट कॅल्शियम फॉस्फेटचे असल्यामुळे तळाला तसेच उरतात. त्यांचा रंगही कामाचा, खडक जमिनीत जितका तापला तितके ते फिकट पिवळ्यापासून तपकिरी आणि मग काळे होत जातात, तेल शोधणाऱ्या कंपन्या रंग बघून अंदाज लावतात की तिथे तेल टिकलं असेल की जास्त तापून गेलं असेल. पर्मियन आणि ट्रायासिक या दोन काळांमधली सीमारेषा, जिथे पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा संहार झाला, तीसुद्धा चीनमधल्या मेईशानला एका कोनोडोंटच्या पहिल्या दिसण्यावरून ठरवली आहे. इतकी वर्षं ज्याचं शरीर कुणी बघितलं नव्हतं त्याच्यावर जगाचं कॅलेंडर चालतंय.

मी असताना एक आजी शाळिग्राम विचारायला आल्या, देवघरातला झिजलाय म्हणून. काकांनी नेपाळच्या गंडकी नदीतला दाखवला, आणि फार आदराने सांगितलं की आजी, यात चक्र दिसतं ते अमोनाइटचं, समुद्रातला जीव होता, ऑक्टोपसच्या नात्यातला, याच्याबद्दल शास्त्रज्ञांचं एकमत आहे. आजींनी हात लावून नमस्कार केला आणि मग विचारलं, 'मग समुद्र हिमालयात कसा गेला हो?' आणि काकांनी त्यांनाही बसवून सांगितलं. माणसाकडे बघून माल दाखवत नाहीत, सगळ्यांना सारखाच वेळ देतात.

मुंबईकरांसाठी हे दुकान का महत्त्वाचं ते सांगते. आपल्या पायाखाली सगळा लाव्हा आहे, अंधेरीची गिल्बर्ट हिल बघा, बेसाल्टचे उभे खांब, साधारण ६ ते ६.५ कोटी वर्षांच्या आसपासचे. आपल्याकडे फॉसिल आहेत, वरळीच्या खडकातला छोटा बेडूक तर १८४७ मध्येच वर्णन झालेला आहे, पण तो लाव्हाच्या थरांच्या मधल्या गोड्या पाण्याच्या गाळातला. ४५ कोटी वर्षं जुना समुद्री चुनखडक मुंबईत खणून मिळणारच नाही. त्यामुळे शाळेतल्या मुलाला असला दगड हातात धरून बघायचा असेल तर बाहेरून आलेलाच बघावा लागतो, आणि तो खरा आहे की नाही हे सांगणारं कुणीतरी भरवशाचं लागतं.

खरं-खोटं यावरून, एका मैत्रिणीला एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ट्रायलोबाइट, म्हणजे किड्यासारखा दिसणारा जुना समुद्री जीव, म्हणून जे आलं ते तिने इथे आणून दाखवलं. काकांनी भिंगातून बघितलं आणि बुडबुड्यांची बारीक भोकं दाखवली, खडकात तशी नसतात, रेझिन ओतताना हवा अडकते त्याची असतात. कडेने जोडाची रेघपण होती. पैसे घेतले नाहीत तपासणीचे. तेव्हाच त्यांनी सांगितलं की वादातल्या फॉसिलमध्ये नकली जवळजवळ येत नाही कारण मागणीच नाही, नकली करतात ती ट्रायलोबाइटची, दातांची, ज्याला लोक ओळखतात त्याची. म्हणजे नवीन गोळा करणाऱ्याने खरं तर या ड्रॉवरपासूनच सुरुवात करायला हरकत नाही, स्वस्तही पडतं आणि फसण्याची भीती कमी.

आता जे आवडलं नाही. पहिलं, पुढच्या काउंटरवर 'ऊर्जा देणारे' खडे म्हणून एक ट्रे आहे, झोप येण्यासाठी हा, लग्न जमण्यासाठी तो. मागच्या ड्रॉवरमध्ये इतका प्रामाणिकपणा आणि पुढे हे, मला त्रास झाला आणि मी ताईला तसं सांगितलं. तिने मान्य केलं की भाडं त्या ट्रेमधून निघतं. तिची अडचण कळते, तरी माझे मार्क तिथेच गेले. दुसरं, लेबलवर देश आणि भाग आहे पण नेमका थर, कुणी गोळा केला, कधी, हे बऱ्याच तुकड्यांवर नाही. माझ्या तुकड्याचं विचारल्यावर त्यांनी जुन्या वहीतून शोधून लिहून दिलं, पण न विचारता असायला हवं, कारण वर्गीकरण अनिश्चित असलेल्या गोष्टीचं निदान ठिकाण तरी पक्कं हवं ना. तिसरं, मागच्या भागात उजेड फार कमी. वळणांच्या ओळी दिसायला प्रकाश तिरपा लागतो, वरून ट्यूबलाइट मारली की सगळं सपाट दिसतं. मोबाइलचा टॉर्च बाजूने धरा, मग बघा कसे चौकोन उठून येतात. एक साधा टेबल लॅम्प ठेवला तरी विक्री वाढेल असं मी त्यांना म्हटलं.

घरी सांभाळण्याबद्दल त्यांनी दिलेला सल्ला इथे टाकते कारण कुणी सांगत नाही. चुनखडकाला आपल्या पावसाळ्याची दमट हवा फारसं करत नाही, पण अ‍ॅसिड अजिबात नको, म्हणजे बाथरूम क्लीनर, लिंबू, व्हिनेगर काहीच नको, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकायची बस. पायराइटचे, म्हणजे सोनेरी चमकणारे फॉसिल मात्र मुंबईत घेऊच नका असं काका सरळ म्हणतात, दमट हवेत पायराइट सडतं, पांढरी पूड येते, आम्ल तयार होतं आणि शेजारचा चुनखडकाचा तुकडासुद्धा खाऊन टाकतं. घेतलाच असेल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर आणि बाकीच्यांपासून लांब ठेवा. स्वतःच्या दुकानात असलेला माल घेऊ नका म्हणणारा दुकानदार मी दुसरा बघितलेला नाही.

भाव साधारण असे: हायोलिथचे छोटे तुकडे ६०० पासून, आर्किओसायथचा काप ३,५०० च्या पुढे, रिसेप्टॅक्युलाइट्स आकाराप्रमाणे दीड हजार ते सहा हजार. घासाघीस फार चालत नाही पण विद्यार्थ्यांना ओळखपत्र दाखवलं तर काका स्वतःहून कमी करतात. जीपे चालतं, बिल पक्कं देतात. पॅकिंग उत्तम, बबल रॅप आणि वर पुठ्ठ्याचा डबा, लोकलच्या गर्दीत व्यवस्थित आला. रविवारी बंद, दुपारी दीड ते तीन जेवणाची सुट्टी. शनिवारी गर्दी असते, ताईशी नीट बोलायचं असेल तर आठवड्यात मधल्या वारी अकराच्या सुमाराला जा, आणि ड्रॉवर बंद असतो, मागितल्याशिवाय उघडत नाहीत, तेव्हा स्वतःहून विचारा.